आर्चवर जीसीसी ११ : आठ महिने वापरल्यावर

ऑगस्ट २०२४ मध्ये आर्च लिनक्सवर जीसीसी ११ हा कंपायलर (सी, सी++ कोडपासून चालणारा प्रोग्राम बांधणारं साधन) बसवला. माझं संशोधनाचं काम कूडा ११.८ वर, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर (जीपीयूवर) आकडेमोड करण्याच्या एनव्हिडियाच्या साधनांवर चालतं आणि कूडाची ती आवृत्ती जीसीसी ११ च्या पुढचा कंपायलर स्वीकारत नाही. आर्चवर तेव्हा जीसीसी १४ आला होता. नव्या कूडावर जायचं तर जुने सगळे निकाल पुन्हा पडताळावे लागले असते आणि तेवढा वेळ हातात नव्हता.

सुरुवातीला मी चुकलो. आर्चच्या आर्काइव्हमधून जुनं पॅकेज आणून मूळ जीसीसीच मागे नेला. त्याच्यासोबत जीसीसी-लिब्स हे त्याच्या लायब्ररींचं पॅकेजही मागे गेलं आणि त्यातल्या नव्या लिबस्टडीसी++ वर (सी++ च्या मूळ लायब्ररीवर) बांधलेले प्रोग्राम एकामागून एक उघडेनासे झाले. लाइव्ह यूएसबीवरून सगळं पूर्ववत करण्यात एक रविवार गेला. आर्चसारख्या रोलिंग, म्हणजे सतत अपडेट होत राहणाऱ्या सिस्टीमचा मूळ कंपायलर हलवू नका, हे मी कळकळीने सांगतो.

मग एयूआरमधून, म्हणजे वापरकर्त्यांनीच सांभाळलेल्या आर्चच्या पॅकेजसंग्रहातून, जीसीसी ११ घेतला. तो मूळ कंपायलरला धक्का न लावता जीसीसी-११, जी++-११ अशा नावांनी शेजारी बसतो. एयूआरचं पॅकेज आपल्याच संगणकावर बांधावं लागतं, म्हणून त्याआधी मेकपीकेजी या पॅकेज बांधणाऱ्या साधनाच्या कॉन्फिगमध्ये मेकफ्लॅग्ज (एकाच वेळी किती कामं चालवायची ते ठरवणारी ओळ) बघून घ्या. माझ्याकडे ती ओळ कॉमेंटमध्येच होती, त्यामुळे एकच कोअर रात्रभर राबत राहिला.

त्यानंतर सहा महिने काहीच तक्रार नव्हती. जुन्या कंपायलरने बांधलेला प्रोग्राम नव्या लिबस्टडीसी++ वर चालतो, कारण ती लायब्ररी जुनी चिन्हं (फंक्शनांची जुनी नावं) जपून ठेवते. एनव्हीसीसी या कूडाच्या कंपायलरला सीसीबिन या पर्यायातून जी++-११ दाखवला की झालं. बिल्डची मांडणी करणारं सीमेक मात्र पहिल्यांदा सापडलेला कंपायलर लक्षात ठेवतो, म्हणून कंपायलर बदलल्यावर बिल्ड फोल्डर पुसून नव्याने सुरुवात करावी. आणि कोणता कंपायलर वापरायचा ते सांगणारी सीसी, सीएक्सएक्स ही व्हेरिएबल्स बॅशआरसीत (दर टर्मिनलला लागू होणाऱ्या सेटिंगच्या फाइलीत) टाकू नका, त्या त्या प्रकल्पापुरतीच ठेवा. नाहीतर एयूआरची बाकी पॅकेजंही जुन्याच कंपायलरने बांधली जातात.

२०२५ च्या सुरुवातीला ग्लिबसी या सिस्टीमच्या मूळ सी लायब्ररीची २.४१ आवृत्ती आली आणि कूडाचं बिल्ड कोसळलं. तिच्या गणिताच्या हेडरमध्ये (फंक्शनांच्या घोषणा असलेल्या फाइलीत) सायनपाय, कॉसपाय ही फंक्शनं नव्याने आली आहेत. कूडाच्या हेडरमध्येही त्याच नावांची फंक्शनं आहेत, पण त्यांची घोषणा वेगळी, म्हणून दोन्ही जुळेनात. जीसीसी ११ मध्ये काहीही बिघडलं नव्हतं. कंपायलर कितीही जुना असो, सी लायब्ररीचे हेडर तो सिस्टीमचेच वाचतो, आणि ते दर अपडेटला पुढे सरकतात. ही गोष्ट मला आधी उमगायला हवी होती.

कूडाचं हेडर हाताने दुरुस्त करता येतं. मी केलंही, पण कूडा पुन्हा बसवताच ती दुरुस्ती पुसली गेली. आता कूडाचं काम पॉडमनमध्ये, म्हणजे सिस्टीमपासून वेगळ्या ठेवलेल्या कंटेनरमध्ये, उबुंटू २२.०४ वर करतो. तिथे जीसीसी ११ मुळातच आहे आणि ग्लिबसी २.३५ जागची हलत नाही. आर्चवरचा जीसीसी ११ काढलेला नाही. जीपीयू न लागणारा जुना सी++ कोड अजून त्याच्यावरच बांधतो, आणि तिथे त्याने एकदाही अडवलेलं नाही.