दगडांची पेटी मागवली, आणि एक दगड चक्क उलटा निघाला

आधीच सांगते, मी जिऑलॉजीवाली नाही, बँकेत काम करते, परळला राहते, आणि दगडांचं वेड लॉकडाऊनमध्ये व्हिडिओ बघून लागलं. तर ही पेटी ऑनलाइन मागवली, "डेव्होनियन काळातले खडक ओळखा, ते कुठे साचले ते शोधा" अशी जाहिरात होती, ९ दगड, १० एक्सचं भिंग, छोटं पुस्तक, ४,२०० रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि मला कोणाशी भांडायचं नाहीये.

पेटी आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं एवढे पैसे मोजून दगड? माळ्यावरचा पाटा-वरवंटा देते की काढून." त्यांना म्हटलं आई, तो बेसॉल्ट, लाव्हाचा, हे गाळाचे आहेत. त्यावर त्या, "मग गटारातला गाळ फुकट मिळतो." यावर काय बोलणार, आणि खरं सांगायचं तर त्या अगदीच चुकीच्या पण नव्हत्या, ते पुढे येईलच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डेव्होनियन म्हणजे साधारण ४१.९ कोटी ते ३५.९ कोटी वर्षांपूर्वीचा काळ. सेजविक आणि मर्चिसन या भूवैज्ञानिकांनी १८३९ मध्ये इंग्लंडच्या डेव्हन परगण्यावरून हे नाव दिलं. आपली अख्खी मुंबई ज्यावर उभी आहे तो खडक साधारण ६.६ कोटी वर्षांचा नाहीतर त्याहून थोडा अलीकडचा, अंधेरीचा गिल्बर्ट हिल धरून. म्हणजे डेव्होनियनच्या मानाने आपण कालचे. त्यामुळे पुस्तकात "आपल्या जवळच्या नदीकाठी किंवा खाणीत जाऊन असेच थर शोधा" असं लिहिलंय ते वाचून हसू आलं, कारण इथे मिठीच्या काठी जाऊन काय शोधणार, आणि खाणीत गेलं तर सगळा काळा बेसॉल्टच. पुस्तक परदेशातल्या मुलांसाठी लिहिलंय आणि इथे तसंच विकतायत हे स्पष्ट दिसतं.

पण दगड? दगड भारी आहेत. म्हणजे बहुतेक.

माझा सगळ्यात आवडता मिशिगनचा पेटॉस्की. कोरडा असताना बघाल तर नुसता राखाडी गोटा, चौपाटीवर पायाखाली आला तर लाथ मारून पुढे जाल. नळाखाली धरला आणि अंगावर एकदम षटकोनी चौकटी उमटल्या, मधमाशांच्या पोळ्यासारख्या, प्रत्येक चौकटीत मधे काळा ठिपका आणि त्याच्यातून बारीक रेघा निघालेल्या. प्रत्येक षटकोन म्हणजे एकेका प्रवाळाचं घर. म्हणजे जिथे आज मिशिगनमध्ये थंडीने लोक गारठतात तिथे तेव्हा उबदार उथळ समुद्र होता, पाणी स्वच्छ, ऊन तळापर्यंत पोचणारं. वाळला की परत गोटा. माझी लेक दिवसभर तो भिजवत बसली होती, बेसिनवर हीच गर्दी. पुस्तकात हा खडक १९६५ पासून मिशिगनचा राज्य-दगड आहे वगैरे दिलंय पण मला जे हवं होतं ते नाही दिलं, ते मला आधीपासून माहीत होतं म्हणून सांगते. १९६३ मध्ये जॉन वेल्स नावाच्या संशोधकाने डेव्होनियन प्रवाळांवरच्या बारीक रोजच्या रेघा मोजल्या तर एका वर्षात ४०० च्या आसपास आल्या. म्हणजे तेव्हा वर्षात ४०० दिवस, पृथ्वी जोरात फिरायची, दिवस छोटा. एवढी गोष्ट हातात दिलीत आणि सांगितली नाहीत, काय हे.

स्कॉटलंडच्या केथनेसची काळपट फरशी पण सुंदर. कड बघितली की कागदाच्या गठ्ठ्यासारखे थर, एक फिकट एक गडद, एक फिकट एक गडद. हे तळ्यात साचलेलं, शांत पाणी, खाली कोणी खणून ढवळून टाकलेलं नाही म्हणून रेघा तशाच राहिल्या, आणि अशा जोड्या बहुधा ऋतूंप्रमाणे साचत गेल्या. तिकडे या फरशीने रस्ते फरसबंद केले होते, म्हणजे त्यांची शहाबादीच. आमच्या जुन्या चाळीच्या जिन्यात शहाबादी फरशी होती आणि ती या सगळ्या डेव्होनियन मंडळींपेक्षाही कितीतरी जुनी, हे कळल्यापासून त्या जिन्यावर पान थुंकणाऱ्यांचा जास्तच राग येतो.

आता मूळ मुद्दा, पाच नंबरचा दगड. वितभर लांब, लाल, एका टोकाला जाडी वाळू, दुसऱ्या टोकाला विटेच्या भुकटीसारखी बारीक माती. लाल रंग लोखंडाचा, हेमॅटाइट, म्हणजे साध्या भाषेत उघड्या हवेत गंजलेला गाळ. हा जुन्या लाल वालुकाश्माचा तुकडा, ब्रिटन तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होतं, मोठे डोंगर झिजून नद्या गाळ आणत होत्या, हवा कोरडी. इथपर्यंत पुस्तकाने नीट समजावलंय, मार्क देते.

दगडावर नंबराचा स्टिकर आहे. मी स्टिकर वाचता येईल असा दगड उभा केला, खाली बारीक माती, वर जाडी वाळू. पुस्तकाच्या तक्त्यात बघितलं, वर जाडं होत जातं म्हणजे पाणी उथळ होत गेलं, नदी आपला गाळ पुढे ढकलत आली, डेल्टा, म्हणजे त्रिभुज प्रदेश. मी वहीत लिहिलं डेल्टा. (हाताएवढ्या तुकड्यावरून डेल्टा म्हणणं हा आगाऊपणाच, मान्य, पण तक्ताच तसा आहे.) उत्तरांच्या पानावर बघते तर "नदीचं पूरमैदान". म्हटलं कसं काय, दोन दिवस डोकं खाल्लं, नवऱ्याला दाखवलं, तो म्हणाला उत्तर चुकलं असेल, छापणारे काय देव आहेत का.

मग रविवारी शिवडीला गेलो, फ्लेमिंगो बघायला, दगडासाठी नाही. ओहोटी होती. जेट्टीच्या बाजूला वरच्या अंगाला चिखल वाळून तडकला होता, ती भेगांची जाळी सगळ्यांनी बघितलेली असते, पण मी पहिल्यांदा वाकून एका भेगेत बघितलं. वर रुंद, खाली निमुळती होत मिटलेली. आणि भेगेत वाऱ्याने वाळू भरलेली. डोक्यात टण्णकन घंटा वाजली, कारण पाच नंबरच्या मातीत मला अशीच वाळू भरलेली एक पाचर दिसली होती आणि ती खालच्या टोकाला रुंद होती, वर निमुळती!

म्हणजे दगड उलटा. स्टिकर उलटा लावलाय हो. फिरवला की खाली जाडी वाळू, वर बारीक होत होत माती, आणि सगळ्यात वर उन्हात तडकलेला पृष्ठभाग. पुराचं पाणी आलं, वाळू टाकली, ओसरताना बारीक गाळ बसला, मग उन्हात तडकला. पूरमैदान, उत्तर बरोबर, माझं चुकलं, पण मुळात त्यांच्या स्टिकरमुळे चुकलं.

आणि हीच माझी या प्रॉडक्टबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार. पूर्ण पेटीत एकाही दगडावर वरची बाजू दाखवणारा बाण नाही. पुस्तक १४ पानं भरून सांगतं की थर खालून वर वाचायचे, पण खाली कुठलं हेच सांगत नाही. खडकात काम करणारे लोक तुकडा काढायच्या आधी त्यावर बाण काढतात, जागा लिहितात, मग हातोडी उचलतात. इथे जागासुद्धा धड नाही, दोन दगडांवर नुसतं "युरोप". अहो युरोप म्हणजे काय दादर आहे का. कस्टमर केअरला मेल केला तर नम्र उत्तर आलं की हा नमुना सजावटीसाठीही वापरता येतो आणि कुठल्याही बाजूने छान दिसतो. मग नवीन स्टिकर कुरिअरने पाठवला. एक स्टिकर, पाच नंबरचा.

दुसरी तक्रार ट्रायलोबाइट, म्हणजे कधीच नामशेष झालेला कवचवाला समुद्री प्राणी, त्याचा जीवाश्म. मोरोक्कोचा म्हणून दिलाय, डोळे वगैरे छान गोल गोल. भिंगातून बघितलं तर पाठीवर बारीक बुडबुडे. गाळाच्या दगडात बुडबुडे कुठून येणार, रेझिन आहे. मोरोक्कोचे नकली ट्रायलोबाइट बाजारात भरपूर फिरतात त्यामुळे आश्चर्य नाही वाटलं, पण खऱ्या ट्रायलोबाइटच्या डोळ्यांची भिंगं कॅल्साइट या खनिजाची असतात, दगडाच्या डोळ्यांनी बघणारा प्राणी, आणि ह्यांनी त्याला प्लास्टिकचे डोळे लावले. निदान त्यांच्याच भिंगाने त्यांची चोरी पकडली, म्हणजे भिंग चांगलं आहे. खरंच चांगलं आहे, वाळूचे कण सुटे दिसतात.

बाकी काळा पॉलिश केलेला चुनखडक ठीक, त्यातले लांब सुळक्यासारखे शंख सगळे एकाच दिशेला आडवे झालेत, म्हणजे तळाशी प्रवाह होता, हे लेकीने ओळखलं मी नाही. खरा चुनखडक आहे का बघायला ऍसिड दिलेलं नाही, कुरिअरमध्ये चालत नसेल. सुरीने थोडी पूड खरवडून व्हिनेगर टाकलं तरी बारीक फेस येतो, काम भागतं.

आणि एक रुखरुख. स्कॉटलंड, मोरोक्को, मिशिगन सगळं आहे आणि आपल्या हिमाचलमधल्या स्पितीचं नावसुद्धा नाही. पिन खोऱ्यात मुथ गाव आहे, त्याच्या नावाने ओळखला जाणारा पांढराशुभ्र क्वार्ट्झाइट खडक डेव्होनियनमधलाच, किनाऱ्यावरच्या वाळूचा, समुद्रकाठची वाळू आता हिमालयात उभी. दगड नका देऊ, एक फोटो आणि चार ओळी तरी द्यायच्या ना, विकताय कुठे ते बघा.

घ्यावी का? मुलांना किंवा स्वतःला खरंच आवड असेल तर घ्या, पाचात साडेतीन. ऑर्डर करायच्या आधी मेल करून विचारा की वरची बाजू आणि नेमकी जागा लिहून देणार का, चार जणांनी विचारलं तर कदाचित सुधारतील. आणि ओहोटीला दादर चौपाटीवर जाऊन वाळूवरच्या लहरी एकदा बघून या, दोन्ही बाजूंनी सारख्या उताराच्या असल्या तर लाटांनी मागेपुढे केलेल्या, एक बाजू लांब उतरती आणि दुसरी उभी असली तर पाणी एकाच दिशेने वाहिलेलं. आमच्या सोसायटीच्या बागेतल्या लाल राजस्थानी फरशीवर पण अशाच लहरी आहेत, वॉचमन काका आता मला बघून लांबूनच विचारतात, "ताई, आज कुठली फरशी?"

मी मार्करने एकेका दगडावर बाण काढायला घेतलेत. तिरक्या थरांचा वालुकाश्म सोपा गेला, तिरके थर खाली वळून टेकतात आणि वर कापल्यासारखे संपतात, त्यामुळे लगेच कळलं. फक्त काळ्या शेलवर, म्हणजे बारीक चिखलाच्या पापुद्र्यांच्या खडकावर, अजून बाण नाही. ऑक्सिजन नसलेल्या खोल पाण्यातला गाळ, ना कुठल्या किड्याचं बीळ ना भेग ना लहर, दोन्हीकडून अगदी सारखा दिसतो.