हॉर्नेट रॉबर फ्लाय की लाफ्रिया फ्लावा?

ब्रिटनमधल्या या दोन शिकारी माश्या. दक्षिण इंग्लंड-वेल्सच्या कुरणांतली हॉर्नेट रॉबर फ्लाय गांधीलमाशीचं सोंग घेते. स्कॉटलंडच्या जुन्या पाइनच्या रानातली लाफ्रिया फ्लावा केसाळ बंबलबीचं, म्हणजे मधमाशीच्या गुबगुबीत नातलगाचं. सोंग झकास, पण डंख एकीलाही नाही. शिकारीची रीत सारखीच: झेप घेऊन सावज धरायचं, सोंड खुपसून लाळ सोडायची आणि आतला विरघळलेला ऐवज शोषून घ्यायचा.

खरा फरक संसारात. हॉर्नेट शेणाच्या वाळत्या पोवर ठाण मांडते, अंडीही शेणात नाहीतर आसपास घालते. तिच्या अळ्यांचं खाणं म्हणजे शेणकिड्यांच्या अळ्या. त्यामुळे गुरांना दिलेलं जंताचं औषध शेणात उतरलं, की हिच्या पोटावर पाय. लाफ्रियाला मात्र मेलेलं पाइन लागतं. तिच्या अळ्या कुजक्या लाकडातल्या भुंगेऱ्यांच्या अळ्या फस्त करतात. पडके ओंडके उचलून रान ‘स्वच्छ’ करणारे तिचे खरे वैरी.

बघायला एकच निवडायची तर माझं मत हॉर्नेटला. इंचभर लांब, पोटाचा मागचा अर्धा भाग पिवळाधमक. ऑगस्ट-सप्टेंबरात ऊन पडलं की गुरांमागे फिरायचं आणि प्रत्येक पो वाकून बघायचा. लोक हसतील, हसू द्या.