गाडीच्या रबरावरचा चिवट मळ : शॅम्पू, एपीसी, स्पिरिट की रॉकेल?

काहीही विकत घेण्याआधी पांढरं सुती कापड ओलं करून दाराच्या रबरावर आणि काचेच्या बीडिंगवर (काचेच्या कडेच्या पट्टीवर) घासून बघा. कापडावर मातकट-राखाडी डाग आला तर तो मळच आहे, निघेल. दर वेळी कापड काळंच होत असेल तर उन्हानं रबराचा वरचा थर सुटतोय. तो कुठल्याच क्लीनरनं थांबत नाही, उलट जितकं घासाल तितकं रबर जाईल. पांढऱ्या रेषा असतील तर त्या एकतर पॉलिशच्या किंवा बोअरवेलच्या जड पाण्याच्या. त्यावर थेंबभर पांढरं व्हिनेगर लावा. क्षार विरघळतो, पॉलिश हलत नाही.

नागपुरात हे सगळं एकाच गाडीवर सापडतं. कोराडी-खापरखेड्याकडे औष्णिक वीज केंद्रांची राख, शहरात सिमेंट रस्त्यांची धूळ, झाडाखालचा चिकटा, आणि त्यावर मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन, जे सगळं भाजून पक्कं करतं.

कार शॅम्पू सर्वांत सौम्य. आठवड्याच्या धुळीला पुरतो, पण महिनोन्‌महिने बसलेल्या तेलकट थराला नाही.

आमच्या मते एकच बाटली घ्यायची तर ऑल पर्पज क्लीनर, म्हणजे एपीसी घ्या. ५०० मिली पाण्यात ५० मिली, यापेक्षा कडक करायची घाई नको. फवारा गाडीवर नाही, ब्रशवर मारा. मऊ दातांच्या जुन्या टूथब्रशनं वीतभर भाग घ्या, अर्धा मिनिट हलक्या हातानं घासा आणि फेस काळा झाला की लगेच ओल्या मायक्रोफायबरनं पुसा. राहिलं तर पुन्हा करा. एकदाच जोर लावण्यापेक्षा दोन-तीन फेऱ्या बऱ्या. शेवटी भरपूर पाणी. हे काम सकाळी, रबर हाताला थंड लागत असतानाच. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी केलंत तर द्रावण ब्रशखालीच वाळतं, पांढरे ओघळ पडतात आणि ते मूळ मळापेक्षा चिवट निघतात. बीडिंगला चमकदार ॲल्युमिनियमची पट्टी असेल तर जास्तच जपा. एपीसी अल्कधर्मी असतं, त्यावर वाळलं तर पट्टी कायमची मंद पडते.

स्पिरिट म्हणजे इथे आयसोप्रोपिल अल्कोहोल, मेडिकलमध्ये मिळणारं ७० टक्क्यांचं. हे ठिपक्यांचं औषध आहे. स्टिकरचा गोंद, झाडाचा चिकटा किंवा पॉलिशची उरलेली रेघ यावर ते एपीसीपेक्षा लवकर चालतं. कापडाच्या टोकावर घ्या, ओतू नका. बाजूचा पत्रा नुकताच रंगवून आणला असेल तर त्याला लागू देऊ नका, ताजा रंग मऊ पडतो. पूर्ण दाराचं रबर वरचेवर यानं पुसलं तर ते कोरडं पडतं. आणि बाटली उन्हातल्या गाडीत ठेवू नका.

मॅजिक स्पंज, म्हणजे डाग खरवडणारा मेलामाइनचा पांढरा स्पंज, फक्त खरबरीत, चमक नसलेल्या पट्टीवर. तो बारीक पॉलिश पेपरसारखा काम करतो. रंगाला लागला की ओरखडे उठतात.

रॉकेल-पेट्रोलचा मोह डांबराच्या ठिपक्यांमुळे होतो, कारण डांबर खरंच झटक्यात निघतं. पण दारांची रबरं बहुतेक ईपीडीएम या कृत्रिम रबराची असतात आणि ती पेट्रोलियम तेल शोषून फुगतात. काही दिवसांत पट्टी लाटेसारखी उचलते, दार लावताना जास्त जोर लागतो, आणि पावसाळ्यात त्याच फटीतून पाणी आत उतरतं. पट्टी बदलायचा खर्च कुठल्याही क्लीनरपेक्षा कितीतरी जास्त. डांबरासाठी टार रिमूव्हर घेतलात तरी तेही त्याच जातीचं, म्हणून नेमक्या ठिपक्यावर, काही सेकंद, आणि लगेच एपीसीनं धुवा. व्हॅसलिनही याच कारणासाठी नको.

रबर पूर्ण वाळल्यावर ड्रेसिंग, म्हणजे रबराला काळेपणा आणि चमक देणारा लेप. यात तेलकट चमकवाली आणि पाण्यावर आधारलेली असे दोन पर्याय मिळतात. पहिलीनं गाडी दुकानातून आल्यासारखी दिसते, पण आपल्याकडची धूळ तिच्यावर दोन दिवसांत चिकटते. पाण्यावरची, सिलिकॉनची निवडा. स्पंजनं पातळ लावा आणि दहा मिनिटांनी उरलेली कोरड्या कापडानं पुसून काढा. काच ज्या मखमली खाचेतून सरकते तिथे ही लावू नका. वायपरच्या रबरालाही नको, पहिल्याच पावसात काचेवर तेलकट पडदा येतो. वायपरवर अल्कोहोलनं ओलं केलेलं कापड एकदा फिरवलं की पुरे.