धुळ्याहून पोरांना घेऊन कुठं जायचं, शिर्डी की खोपोली?

सुट्ट्या लागल्या की आमच्याकडं दरवर्षी हाच वाद. मी दोन्हीकडं जाऊन आलोय म्हणून सांगतो भो.

शिर्डीचं साईतीर्थ थीम पार्क जवळ पडतं, मालेगाव-मनमाड-येवला करत सकाळी निघालं तरी चालतं. तिथं राइड म्हणजे धडकी भरवणारी नाही, गाडीत बसून देशभरातल्या देवळांच्या प्रतिकृती बघत फिरायचं, आणि लंका दहनचा 5डी शो, ज्यात खुर्ची हलली की आमची आई माझा हात असा दाबून धरायची की नखं उमटली. म्हातारी माणसं सोबत असतील तर डोळे झाकून इथंच. फक्त गुरुवार आणि रामनवमी टाळा, दर्शनाची गर्दी सगळ्या गावात सांडते.

खोपोलीचं इमॅजिका थीम पार्क 2013 ला सुरू झालं, मग वॉटर पार्क आलं, मग स्नो पार्क, म्हणजे एका दिवसात सगळं उरकू म्हणाल तर काहीच धड होत नाही. नायट्रो रोलर कोस्टर पोरांसाठी, पण मला खरं आवडलं ते डायनासोरवालं, बोटीतून अंधारात जायचं, मध्येच कायतरी गुरकावतं आणि शेवटी सपकन खाली, पार भिजलो, आणि जादा कपडे गाडीत राहिले होते, ती माझीच अक्कल. उंचीची अट असते, लहान पोरगं असेल तर आधी मोजून घ्या नाहीतर गेटवर रडारड. मंगळवार-बुधवारी जा, रविवारी नको. मुक्काम मात्र धरूनच चाला.

यंदा आई येतेय, त्यामुळं शिर्डी.