पिकअपच्या हौद्यात धूळ जाऊ नये म्हणून: ताडपत्री, बंद बॉडी की फाळक्याला रबर?

दिंडोरी किंवा निफाड तालुक्यातल्या मळ्यातून पाणंद रस्त्याने निघालेली पिकअप डांबरी रस्त्याला लागून नाशिकला पोहोचते, तेव्हा हौद्यावर ताडपत्री ताणून बांधलेली असूनही मागच्या क्रेटवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ साचलेली असते, तर केबिनला लागून ठेवलेल्या क्रेट त्या मानाने स्वच्छ असतात. धूळ कोणत्या वाटेने येते हे एवढ्यावरूनच कळते. तरीही गाडीमालक पहिला खर्च करतात तो जास्त जाड ताडपत्रीवर.

चालती गाडी समोरची हवा बाजूला सारत पुढे जाते आणि तिच्या पाठीमागे कमी दाबाचा पट्टा तयार होतो. चाकांनी उडवलेली माती याच पट्ट्यात घुमत राहते. आच्छादनाच्या वरच्या व मागच्या फटींतून हौद्यातली हवा बाहेर ओढली जाते आणि तिची जागा घेण्यासाठी फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या मागच्या उघडणाऱ्या पल्ल्याच्या, खालच्या व बाजूच्या फटींतून धुळीने भरलेली हवा आत शिरते. फाळका बंद केल्यावर त्याच्या खालच्या कडेला करंगळी जाईल एवढी फट राहत असेल, तर वरून कितीही चांगले आवरण घातले तरी त्या फटीतून धूळ येतच राहणार. म्हणून पुढच्या पर्यायांची तुलना एकाच कसोटीवर करणे योग्य ठरेल: कोणता पर्याय मागची बाजू किती बंद करतो, आणि त्यासाठी वजन, उष्णता व कागदपत्रे या रूपात काय मोजावे लागते?

लोखंडी कमानींवर टाकलेली साधी ताडपत्री सर्वांत स्वस्त आणि सर्वांत हलकी आहे. ऊन आणि हलका पाऊस ती अडवते, फाटली तर कोणत्याही बाजारपेठेत दुसरी मिळते आणि माल चढवताना एका बाजूने गुंडाळून ठेवता येते. धुळीच्या बाबतीत मात्र तिची बाजू लंगडी आहे. दोर दोन कड्यांमध्ये ढिला पडला की ताडपत्री फडफडू लागते आणि प्रत्येक फडफडीबरोबर लोहाराच्या भात्यासारखी हवा आत-बाहेर करते. मागचा पडदा मोकळा लोंबता ठेवल्यास धुळीबरोबर सायलेन्सरचा धूरही आत येतो, आणि फुले किंवा बेकरीचा माल असेल तर तो वास ग्राहकाच्या लक्षात आल्याशिवाय राहत नाही. जाड पीव्हीसी कापडाचे, मापाने शिवलेले, पट्ट्यांनी आवळता येणारे आवरण याहून बरे पडते, कारण ते फडफडत नाही; परंतु फाळक्याची फट तेही बुजवत नाही.

दुसऱ्या टोकाला पत्र्याची बंद बॉडी आहे. मागे दोन पल्ल्यांचा दरवाजा, त्याला चारही बाजूंनी रबर आणि उभ्या दांड्याचे कुलूप असेल, तर धूळ, पाऊस आणि चोरी या तिन्ही गोष्टींपासून संरक्षण मिळते. नाशिकच्या अंबड किंवा सातपूर भागातल्या कारखान्यांतून विजेच्या उपकरणांचे सुटे भाग, औषधे किंवा तयार कपडे नेणाऱ्यांनी दुसरा विचार करू नये असे माझे मत आहे. मात्र वजनाचा हिशेब आधी करावा. साडेआठ फूट लांब, साडेपाच फूट रुंद आणि सहा फूट उंच पेटीच्या, मागच्या दरवाजासह, चारही भिंती व छत मिळून सुमारे २० चौरस मीटर पत्रा लागतो. एक मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला ७.८५ किलो असते, म्हणजे सांगाडा सोडून नुसता पत्राच दीडशे किलोंच्या वर जातो. हे वजन प्रत्येक फेरीला मालातून वजा होते. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश असल्याने त्याची बॉडी बरीच हलकी होते, पण महाग पडते आणि ठोकर बसल्यावर तिची दुरुस्ती करणारा कारागीर शोधावा लागतो.

बंद बॉडीची दुसरी अडचण उन्हाची आहे. द्राक्षांचा हंगाम नेमका फेब्रुवारी-मार्चच्या तापत्या दिवसांत भरात असतो आणि हवा न खेळणारी पत्र्याची पेटी दुपारी उभी राहिली की आतला माल तापतो. मळ्यातून पॅकहाऊसपर्यंतच्या थोड्या अंतरासाठीही हा तोटा मोठा आहे. दुसरीकडे, द्राक्षाला धूळही चालत नाही, कारण मण्यावरचा पांढरट मेणासारखा थर हीच ताजेपणाची खूण मानली जाते आणि बसलेली धूळ पुसायला गेले की तो थरही निघून जातो. कांद्याचे याच्या अगदी उलट आहे. त्याला हवा हवी असते, धुळीने त्याचे काही बिघडत नाही, आणि लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात कांदा नेणाऱ्याने या सगळ्यावर एक रुपयाही खर्च करू नये.

तिसरा पर्याय दिसायला क्षुल्लक आहे, पण द्राक्ष, भाजीपाला आणि मिश्र मालासाठी मी त्यालाच पहिला मान देईन: आहे त्या हौद्याच्या फटी बुजवणे. फाळक्याच्या तिन्ही कडांना पोकळ, नळीसारखा उठाव असलेली ईपीडीएम रबराची पट्टी बसवावी. हे रबर ऊन-पावसात टिकते; स्पंजची स्वस्त चिकटपट्टी मात्र पाणी शोषते आणि काही महिन्यांत तिचा भुगा होतो. ईपीडीएमला तेल आणि ग्रीस सोसत नाही, त्यामुळे बिजागऱ्यांना वंगण देताना ते पट्टीवर ओघळणार नाही याची काळजी घ्यावी. फाळका बंद झाल्यावर पट्टी तिच्या उंचीच्या साधारण पाव भाग दबली पाहिजे. त्याहून कमी दबली तर फट उरते, आणि फार दबली तर फाळका लावताना खांदा द्यावा लागतो व शेवटी ड्रायव्हर ती पट्टी उपटून टाकतो.

पट्टी नीट बसली की नाही हे पाहण्याची सोपी रीत आहे. रबरावर फळ्याचा खडू चोळून फाळका एकदा बंद करावा आणि उघडून समोरच्या लोखंडावर उमटलेली पांढरी रेघ पाहावी. रेघ जिथे तुटली असेल तिथे धूळ शिरणार. बहुधा ती खालच्या दोन कोपऱ्यांत तुटते, कारण माल चढवताना फाळक्यावर उभे राहून तो मधोमध वाकलेला असतो. असा फाळका आधी सरळ करून घ्यावा, नाहीतर रबराचे पैसे वाया जातात. त्यानंतर अंधारात हौद्यात दिवा लावून बाहेरून पाहिले, की तळातली पाणी जाण्याची भोके, फळ्यांचे सांधे आणि कड्यांची छिद्रेही उजेडाने दिसतात. पाण्याची भोके कायमची बुजवू नयेत. त्यांना काढता येणारी रबरी बुचे लावावीत.

याच्या जोडीला काही जण केबिनच्या टपापेक्षा उंच, समोर तोंड असलेली झडप बसवतात. समोरून आलेल्या हवेने आतला दाब किंचित वाढतो आणि फटींतून हवा आत येण्याऐवजी बाहेर जाते. मोकळ्या रस्त्यावर ही युक्ती चालते आणि मालाला हवाही मिळते. परंतु कुंभमेळ्याच्या कामांसाठी उकरलेल्या रस्त्यावर पुढे डंपर असेल, तर तीच झडप त्याची धूळ सरळ आत ओढते. त्यामुळे धुता येणारा फिल्टर आणि केबिनमधून बंद करता येणारे झाकण यांच्याशिवाय झडप बसवू नये.

रबर आणि ताडपत्रीने गाडीची मूळ रचना बदलत नाही. उघड्या हौद्याची बंद बॉडी करणे हा मात्र मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ च्या कक्षेत येणारा बदल आहे. त्यासाठी परिवहन कार्यालयाची परवानगी घेऊन नोंदणी प्रमाणपत्रात नोंद करून घ्यावी आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे. नवी गाडी घेणाऱ्याने बंद बॉडीचा निर्णय नोंदणीपूर्वीच घेतला, तर एमएच १५ चा (नाशिकच्या नोंदणीचा) क्रमांक पडतानाच प्रमाणपत्रावर बॉडीचा प्रकार योग्य लिहिला जातो आणि पुढचा हेलपाटा वाचतो.