पॅप स्मिअर की एचपीव्ही चाचणी?

दोन्ही गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीच, पण शोधतात वेगळं. पॅपमध्ये गर्भाशयमुखावरून ब्रशने घेतलेल्या पेशींत काही बिघाड आहे का, ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बघणाऱ्याची नजर तयार हवी. एका वेळचा खर्च सहसा कमी, पण साधारण दर ३ वर्षांनी खेप आलीच.

एचपीव्ही (ह्युमन पॅपिलोमा व्हायरस) म्हणजे ज्याच्या संसर्गातून हा कर्करोग बहुतेकदा होतो तो विषाणू; एचपीव्ही चाचणी थेट तोच शोधते. महाग खरी, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या शिफारशीनुसार तिशीपासून दर ५ ते १० वर्षांनी केली तरी चालते. शिवाय नमुना स्वतःच घेता येतो: स्वॅब योनीत आत घालून फिरवायचा, नळीत टाकायचा, झालं. संकोचापायी तपासणीच टाळणाऱ्या बायकांसाठी (आणि त्या काही कमी नाहीत) माझ्या मते हीच बाजू वजनदार. तिशीच्या आत तपासायचंच तर मात्र पॅप बरी; त्या वयात हा संसर्ग बहुधा आपोआप जातो, मग उगाच धास्ती कशाला?