कास पठार: यंदा फुलं खरंच पाहिली

मागच्या वर्षी आई आणि मी एका सहल कंपनीबरोबर रविवारी कासला गेलो होतो. पठारावर मिळाली चाळीस मिनिटं, त्यातली निम्मी गर्दीतून वाट काढण्यात गेली. घरी आल्यावर आई म्हणाली, "रंग पाहिला गं, फूल एकही नाही पाहिलं." ते मला फार लागलं.

म्हणून यंदा सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, आम्ही दोघीच गेलो. मुक्काम साताऱ्यात. प्रवेशाचं बुकिंग आधीच ऑनलाइन केलेलं. सकाळी यवतेश्वरचा घाट चढलो. शहरापासून पठार पंचवीसेक किलोमीटर. गेटवर गाईड घेतला, जवळच्याच गावातला तरुण. या सहलीतला सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च तोच.

"मावशी, हितं खाली बसा, मग दिसंल," म्हणाला. बसल्यावर दिसली सीतेची आसवं, नखाएवढी, निळीजांभळी. खाली ओल्या मातीत या झाडाच्या बारीक पिशव्या असतात आणि पाण्यातले सूक्ष्म जीव त्या आत ओढून घेतात. जांभ्या खडकावर मातीचा थर अगदी पातळ, त्यात कस नाही. मग पोटाची सोय अशी करायची. चाळीस वर्षं कुंड्यांना शेणखत घालणारी माझी आई ते ऐकून कितीतरी वेळ तिथून हलेना. शेजारीच चिकट थेंबांनी किडे धरणारी दवबिंदू नावाची वनस्पती होती. तीही गाईडशिवाय आम्ही तुडवून पुढे गेलो असतो, या विचाराने आता अंगावर काटा येतो.

गेंद, तेरडा, सोनकी, पिवळी मिकी माऊस भरपूर. टोपली कारवी सात वर्षांनी फुलते, यंदा नुसती हिरवी झुडपं होती.

कुमुदिनी तळ्यापर्यंत बरंच चालावं लागतं, आईच्या गुडघ्यांना ते झेपणार नव्हतं. मी एकटी जाऊन आले. पाण्यावर झालरीच्या पाकळ्यांची पांढरी फुलं तरंगत होती. गुडघेदुखी असेल तर तेवढं सोडा, आधीच्या भागात दोन तास सहज जातात. छत्री वाऱ्यात टिकत नाही, रेनकोट न्या. शनिवार-रविवार शक्यतो टाळाच.

परत आले तर आई दगडावर बसून कंदी पेढ्यांच्या पावतीमागे गाईडकडून नावं लिहून घेत होती. शेवटचं नाव होतं चवर. त्याची पांढरी फुलं पाहायला तिला पुढच्या वर्षी ऑगस्टमध्येच यायचंय.